ओढा, टेकवा, फिरवा, दाब द्या: तेलविहिरीतील अवजारांविषयी

तेलविहिरीतील अवजार ज्याने चालवायचे असते तो माणूस त्या अवजारापासून दोन-तीन किलोमीटर दूर उभा असतो, आणि त्या दोघांमध्ये लोखंडी पाइपाखेरीज दुसरा कोणताही दुवा बहुतेक वेळा नसतो. विहिरीचा शेवटचा टप्पा पुष्कळदा साडेआठ इंच व्यासाचा असतो, म्हणजे माणसाचे डोके जेमतेम आत जाईल एवढेच ते भोक. रिगवरची, म्हणजे विहीर खोदणाऱ्या मनोऱ्यावरची, माणसे ज्याला मड म्हणतात त्या दाट द्रवाने ते काठोकाठ भरलेले असते. तीन किलोमीटर खोलीवर तापमान पुष्कळ ठिकाणी १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि दाब सहज ३०० वातावरणांच्या वर असतो. अशा ठिकाणी खडक फोडायचा, नळी घट्ट बसवायची, ती पुन्हा सोडवायची, तुटलेला तुकडा पकडून वर आणायचा, आणि हे सारे डोळ्यांनी काहीही न पाहता करायचे असते.

वरून आपल्या हाती चारच गोष्टी असतात. पाइप ओढता येतो. त्याचे वजन खाली सोडून तो टेकवता येतो. तो फिरवता येतो. आणि तो पोकळ असल्यामुळे त्यातून पंपाने द्रव ढकलून दाब देता येतो. माझ्या नोकरीचा बराचसा काळ मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रातील रिगवर, मुख्यतः विहीर पूर्ण करण्याच्या आणि विहिरीत अडकलेल्या वस्तू काढण्याच्या कामात गेला, आणि त्या काळात एक सवय जडली. कोणतेही नवे अवजार समोर आले की माहितीपत्रक बाजूला ठेवून मी एवढेच पाहतो, की याला या चार आज्ञांपैकी कोणती, कोणत्या क्रमाने लागते, आणि चुकून वेगळी आज्ञा गेली तर हे काय करील. तेलविहिरीतील यांत्रिक शोधांचा जवळजवळ सगळा इतिहास या प्रश्नातून उलगडतो असे माझे मत आहे.

सुरुवातीला चार आज्ञाही नव्हत्या. दोराला जड छन्नी बांधून ती उचलायची आणि आपटायची, एवढेच तंत्र होते. चीनमधील सिचुआन प्रांतात मिठाच्या पाण्यासाठी अशा विहिरी शेकडो वर्षे खोदल्या जात होत्या, आणि झिगोंग येथील शेनहाय विहीर १८३५ मध्ये बांबूच्या दोरावर १००१ मीटरपर्यंत पोहोचली. एडविन ड्रेक याने २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे सुमारे ७० फुटांवर तेल मिळवले तेही याच आपटण्याच्या पद्धतीने. ड्रेकचे खरे कौतुक तेल लागल्याबद्दल करण्यापेक्षा त्याने वरची ढासळणारी वाळू रोखण्यासाठी खडक लागेपर्यंत लोखंडी नळी ठोकून बसवली आणि मग तिच्या आतून खोदले याबद्दल करावे. आजच्या प्रत्येक विहिरीतील केसिंग, म्हणजे भोकाला आतून लावलेली पोलादी नळी, ही त्याच कल्पनेची वाढ आहे.

आपटण्याच्या या युगातील सर्वांत बुद्धिमान अवजार मात्र तेलवाल्यांनी शोधलेले नाही. आजच्या वेस्ट व्हर्जिनियातील कनाव्हा नदीच्या खोऱ्यात मिठागरांसाठी विहिरी खोदणाऱ्या विल्यम मॉरिस या कारागिराने एकमेकांत अडकवलेल्या दोन लांबट लोखंडी कड्यांची जोडी छन्नीच्या वर बसवली आणि १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. छन्नी खडकात रुतली की नुसता दोर ताणून ती निघत नाही. पण वरचे कडे आधी मोकळे वर सरकले आणि मग वेगाने खालच्या कड्यावर आदळले, तर तिला वरच्या दिशेने ठोका बसतो. ओढणे आणि ठोकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच दोराने दोन्ही करता येतात, हे मॉरिसने दाखवून दिले. या अवजाराला जार म्हणतात, आणि त्याचे वंशज आजही जवळजवळ प्रत्येक रिगवर असतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

दोराची जागा पोकळ पाइपाने घेतली तेव्हा उरलेल्या आज्ञा हाती आल्या. टेक्सासमधील बोमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकाडावर १० जानेवारी १९०१ रोजी जी विहीर उसळली ती फिरत्या पाइपाने खोदलेली होती. तिथल्या भुसभुशीत वाळूत नुसत्या पाण्याने भोक टिकेना, म्हणून हॅमिल बंधूंनी डबक्यात गुरे तुडवून चिखल करवला आणि तो पाइपातून खाली सोडला असे सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, परंतु चिखलाचा उपयोग खरा होता. तो भोकाच्या भिंतींना लिंपण देतो, खोदलेला चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खडकातील द्रवाला मागे रेटून धरतो. यांत्रिक दृष्टीने पाहता याहून मोठी गोष्ट ही, की पृष्ठभागावरून थेट तळापर्यंत दाबाचा एक मार्ग तयार झाला. पुढील शंभर वर्षांतील निम्मी अवजारे या मार्गावर जगतात.

बिटची, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाला लावलेल्या खडक फोडणाऱ्या अवजाराची, कथा बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. माशाच्या शेपटीच्या आकाराचे जुने बिट मऊ माती खरवडत असे आणि कठीण खडक लागला की बोथट होऊन थांबत असे. हॉवर्ड ह्यूज थोरला याने दोन दातेरी शंकू एकमेकांसमोर बसवले, जे पाइप फिरला की तळावर लोळतात आणि वरच्या वजनाखाली खडक भरडतात. १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि टेक्सासच्या गूज क्रीक येथील चाचणीत त्या बिटने ११ तासांत १४ फूट कठीण खडक कापला. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्याच ठिकाणी आधीची अवजारे हात टेकून परतली होती. ह्यूज बिट विकत नसे, भाड्याने देत असे. त्याच्या मुलाची विमाने आणि चित्रपट ज्या पैशावर उभे राहिले तो पैसा या शंकूंचा होता. पुढे त्याच कंपनीतील स्कॉट आणि गारफील्ड या अभियंत्यांनी १९३३ मध्ये तीन शंकूंचे बिट आणले आणि ते दीर्घकाळ जगभर चालले. गंमत अशी, की १९७० च्या दशकात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेले जे पीडीसी बिट आले आणि आज बहुतांश खोदाई ज्याने होते, ते पुन्हा खरवडण्याच्याच तत्त्वावर चालते. त्यात एकही हलणारा भाग नाही. शंकूचे बेअरिंग झिजून शंकू विहिरीत गळून पडला आणि तो चुंबकाने उचलण्यात वेळ गेला, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना या साधेपणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता टेकवण्याविषयी. बाहेरच्या माणसाला वाटते की रिग पाइपाला वरून दाबत असेल. तसे बहुधा नसते. बारीक, लांब पाइप वरून दाबला तर तो वाकेल, म्हणून बिटच्या वर जाड भिंतीचे जड ड्रिल कॉलर लावलेले असतात आणि त्यांच्या वजनाचा काही भाग तेवढा खाली सोडला जातो. वरचा सारा पाइप सतत ताणातच राहतो. ड्रिलरसमोर वजनाचा काटा असतो. तो १२० टन दाखवत असताना बिट तळाला टेकवल्यावर १०५ वर आला, तर १५ टन बिटवर गेले असे समजायचे. विहीर सरळ उभी असेल तर हे गणित बरोबर येते. मुंबईजवळच्या समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्रात मात्र एका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरक्या दिशांना पसरलेल्या असतात. तिथे पाइप भोकाच्या खालच्या भिंतीवर घासत जातो आणि वरून सोडलेल्या वजनापैकी किती तळाशी पोहोचले हे काटा सांगत नाही. काटा फक्त वरचे खरे सांगतो.

ओढण्याचे आणि फिरवण्याचेही तसेच आहे. पाच इंची ड्रिल पाइप हाताला अभेद्य वाटतो, पण ३००० मीटर लांबीचा असा पाइप त्याच्या स्वतःच्या वजनापलीकडे आणखी ४० टनांनी ओढला तर तो सुमारे १.७ मीटर लांब होतो. खालचे टोक अडकलेले असताना त्याला वरून १० किलोन्यूटन-मीटर पीळ दिला तर तळाचे टोक जराही न हलता वरचे टोक पाच वेढे फिरते. म्हणजे वरून दिलेली आज्ञा खाली पोहोचण्याआधी पाइपातच साठून राहते. नवशिक्या अभियंत्याला हे कागदावर ठाऊक असते. रिगच्या फरशीवर, सारी माणसे त्याच्याकडे पाहत असताना, पाच वेढे देऊनही काही घडत नाही तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळते.

या पार्श्वभूमीवर पॅकर हे अवजार पाहण्यासारखे आहे. तेल ज्या नळीतून वर येते तिला ट्युबिंग म्हणतात, आणि ट्युबिंग व केसिंग यांच्यामधील कडीसारखी पोकळी तळाजवळ बंद करणारे बूच म्हणजे पॅकर. विहिरीत उतरताना ते सैल असले पाहिजे, ठरलेल्या खोलीवर घट्ट बसले पाहिजे, आणि काम संपल्यावर पुन्हा सैल झाले पाहिजे. जुन्या यांत्रिक पॅकरमध्ये हे सारे एका खाचेवर अवलंबून असते. आतल्या दांड्यावर एक खुंटी असते आणि बाहेरच्या कवचात इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची खाच. आपल्याकडे घराघरांत असलेला जुन्या पद्धतीचा पितळी बल्ब ज्या रीतीने होल्डरमध्ये दाबून, किंचित फिरवून बसवला जातो, तीच ही युक्ती. कवचाला बाहेरून स्प्रिंगचे ठोकळे असतात, जे केसिंगला घासत राहतात आणि कवचाला फिरू देत नाहीत. पाइप थोडा वर उचलायचा, अवजारापाशी पाव फेरा उजवीकडे द्यायचा आणि वजन सोडायचे. खुंटी आखूड घरातून निसटून लांब घरात येते, दांडा खाली उतरतो, पाचरीसारखा शंकू दातेरी तुकड्यांना बाहेर ढकलून केसिंगच्या भिंतीत रुतवतो, आणि त्यावर येणारे वजन रबराच्या जाड कड्यांना दाबून फुगवते. पाइप सरळ वर उचलला की हेच उलट क्रमाने सुटते. ना मोटर, ना तार, ना दट्ट्या. एका कारखान्यातील लेथवर तयार होणाऱ्या खाचेने तीन किलोमीटर खोलीवर बूच बसावे, यापेक्षा सुंदर यंत्ररचना माझ्या पाहण्यात नाही.

पण पाव फेरा अवजारापाशी मिळाला पाहिजे, आणि तिरक्या विहिरीत तोच मिळत नाही. पीळ वाटेत घर्षणाने अडून बसतो. मग पाइप वर-खाली हलवून तो पीळ हळूहळू खाली उतरवावा लागतो, आणि कधी तो अर्धा फेरा जास्त उतरतो. म्हणून तिरक्या विहिरींसाठी फिरवण्याची आज्ञा सोडून देऊन दाबाच्या आज्ञेवर चालणारे पॅकर आले. पाइपातून एक गोळी सोडायची, ती पॅकरखालील बैठकीवर बसून मार्ग बंद करते, आणि मग पंपाने चढवलेला दाब दट्ट्याला सरकवून दाते आणि रबर बसवतो. दट्ट्या अवेळी सरकू नये म्हणून त्याला पितळेच्या किंवा पोलादाच्या लहान पिनांनी जखडलेले असते. प्रत्येक पिन किती बळाला तुटते हे त्याच खेपेतील नमुने तोडून आधी ठरवलेले असते, आणि किती पिना लावायच्या यावरून पॅकर किती दाबाला बसेल हे ठरते. विहिरीतील अवजारांमध्ये या तुटणाऱ्या पिनेइतके स्वस्त आणि तिच्याइतके महत्त्वाचे काहीच नसावे. अवजार जोडताना पिनांची संख्या मोजण्याचे काम मी कधीही एकट्या माणसावर सोडलेले नाही.

फिरवण्याच्या आज्ञेवर आणखी एक बंधन असते, जे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पाइपांचे आटे उजवे असतात. ते उजवीकडे फिरवल्याने घट्ट होतात आणि डावीकडे फिरवल्याने सुटू लागतात. डावीकडे नेटाने फिरवले तर कोणता सांधा सुटेल याचा नेम नसतो, म्हणून डावीकडे फिरवायचेच नाही असा दंडक आहे. त्यामुळे जे अवजार पकडते तेही उजवीकडे फिरवून, आणि जे सोडते तेही उजवीकडे फिरवूनच, अशी योजना करावी लागते. वस्तू पकडण्याच्या अवजारांत ही अडचण ज्या कौशल्याने सोडवली आहे ते पाहण्यासारखे आहे.

पाइप तुटून त्याचा खालचा भाग विहिरीत राहिला की त्या भागाला फिश म्हणतात आणि तो काढण्याच्या कामाला फिशिंग. पहिले काम त्याचे वरचे टोक कसे आहे ते जाणणे. त्यासाठी आजही शिशाचा सपाट ठोकळा खाली नेऊन फिशवर वजनाने टेकवतात आणि वर आणून त्यावर उमटलेला ठसा पाहतात. टोक गोल आहे की चेपलेले, मध्यावर आहे की भिंतीला टेकलेले, हे त्या शिशावरून ओळखायचे असते. ठसा एकदाच घ्यायचा असतो, कारण दोनदा टेकवले तर दोन ठसे एकमेकांवर पडून काहीच वाचता येत नाही. अनुभवी फिशिंग सुपरवायझर तो ठोकळा हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसतो, आणि त्या वेळी त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

टोक चांगले असेल तर ओव्हरशॉट उतरवतात. हा एक जाड लोखंडी बुधला असतो. त्याच्या आतल्या भिंतीला निमुळते, सर्पिल खोबण असते आणि त्या खोबणीत सर्पिल आकाराचाच एक स्प्रिंगसारखा पकडा बसतो, ज्याच्या आतल्या बाजूला बारीक दाते असतात आणि ज्याचा आतला व्यास फिशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमी असतो. उजवीकडे हळू फिरवत खाली उतरवले की पकडा फाकतो आणि फिश आत शिरते. वर ओढले की निमुळती खोबण पकड्याला आवळते. जेवढे अधिक ओढाल तेवढी पकड घट्ट. आता फिश निघतच नाही असे ठरले आणि सोडून यायचे असेल तर? खाली एक झटका देऊन आवळ मोडायचा, आणि पुन्हा उजवीकडेच फिरवत हळूहळू उचलायचे. सर्पिलाच्या दिशेमुळे पकडा फिशवरून पायरीपायरीने वर चढून सुटतो. पकडण्याला आणि सोडण्याला फेरा एकाच दिशेचा, फरक फक्त टेकवणे आणि उचलणे यांचा. ज्या अवजाराला सोडता येत नाही ते फिशिंगमध्ये कधीच उतरवू नये, कारण मग विहिरीत एकाऐवजी दोन फिश होतात.

पकडले तरी ओढून निघेलच असे नाही, आणि इथे मॉरिसचा जार परत येतो. आजचा हायड्रॉलिक जार म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, ज्यांच्यामध्ये तेल भरलेले असते. वरून जोराने ओढले की आतला दट्ट्या लगेच सरकत नाही, कारण तेलाला अतिशय बारीक फटीतून वाट काढावी लागते. ड्रिलर ब्रेक लावून थांबतो. तेवढ्या वेळात वरचा सारा पाइप ताणलेल्या अवस्थेत ऊर्जा साठवून असतो. वर सांगितलेला तो दीड-पावणेदोन मीटरचा ताण इथे कामी येतो. मग दट्ट्या रुंद भागात पोहोचतो, तेल एकदम वाट सोडते, ताणलेला पाइप आखडतो, आणि जारचा हातोडा आतल्या ऐरणीवर आदळतो. नुसत्या ओढण्याच्या कितीतरी पट बळ क्षणभर अडकलेल्या जागी पोहोचते. हे काम सुरू करण्याआधी डेरिकवरची प्रत्येक सैल वस्तू तपासतात आणि फरशीवरील माणसे बाजूला काढतात, कारण ठोका बसला की सारा मनोरा हादरतो. पुढच्या ठोक्यासाठी पाइप खाली टेकवून जार पुन्हा मिटवायचा, पुन्हा ओढायचे, पुन्हा थांबायचे. तासन् तास हे चालते, आणि त्यात शहाणपण धीर धरण्यात असते, बळ वाढवत नेण्यात नव्हे.

याच ताणाच्या हिशेबातून आणखी एक माहिती फुकट मिळते. पाइप नेमका कुठे अडकला आहे हे वरूनच काढता येते: ठरावीक बळाने ओढून पाइप किती लांबला ते मोजायचे, आणि त्यावरून किती लांबीचा पाइप मोकळा आहे याचे गणित करायचे. पाठ्यपुस्तकातला हूकचा नियम इथे थेट पैशात रूपांतरित होतो.

या सगळ्या अवजारांहून निराळे एक यंत्र आहे, जे पाइपाच्या आज्ञेवर चालत नाही. ते विहिरीच्या तोंडावर बसते. खडकातील दाब मडच्या वजनाला भारी पडला तर विहीर बंद करणारे ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी, टेक्सासमधील जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमरॉन यांनी १९२२ मध्ये आकाराला आणले. अ‍ॅबरक्रॉम्बीने त्याचे पहिले चित्र कॅमरॉनच्या कारखान्याच्या भुसा पसरलेल्या जमिनीवर काढले अशी आख्यायिका आहे. दोन्ही बाजूंनी आडवे येऊन पाइपाला मिठी मारणारे ठोकळे, म्हणजे रॅम, ही मूळ कल्पना. नंतर ग्रॅनव्हिल नॉक्स याच्या नावावर, १९५२ मध्ये पेटंट मिळालेले, रबराच्या एका मोठ्या कड्याने कोणत्याही आकाराच्या पाइपाभोवती आवळणारे अ‍ॅन्युलर आले. आज या दोन्हींची उतरंड विहिरीवर रचलेली असते, आणि सर्वांत शेवटचा उपाय म्हणून पाइपच कापून भोक बंद करणारे कातर रॅम असतात. त्यांना चालवणारे तेल नायट्रोजनच्या बाटल्यांत आधीच दाबून ठेवलेले असते, जेणेकरून रिगवरची वीज गेली तरी ते मिटावेत.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन रिगवर ११ माणसे दगावली, तेव्हा समुद्रतळावर बीओपी होता आणि त्यात कातर रॅमही होते. नंतर वर काढून तपासल्यावर दिसले, की पाइप आतल्या बळाने बाकून एका कडेला सरकला होता, आणि पात्यांच्या रुंदीबाहेर राहिलेल्या भागामुळे कातर पूर्ण मिटलीच नव्हती. पाइप मध्यावर असेल हे रचनाकाराने गृहीत धरले होते. विहिरीतील अवजार तपासताना आपण ते बळकट किती आहे हे पाहतो. खरे तर त्याने काय गृहीत धरले आहे हे आधी पाहायला हवे.

आसाममधील बाघजान येथे २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असलेल्या विहिरीतून वायू उसळला तो बीओपी विहिरीवरून उतरवण्याच्या टप्प्यात. ९ जूनला आग लागली आणि विहीर पूर्ण शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. शेवटी तिथे स्नबिंग युनिट वापरले गेले. जिवंत विहिरीत दाब इतका असतो की हलका पाइप आत जाण्याऐवजी बाहेर फेकला जाईल. हे यंत्र हायड्रॉलिक दट्ट्यांनी पाइप पकडून त्याला खरोखर खाली ढकलते. रिग पाइपाला वरून दाबत नाही असे मी वर म्हटले, त्याला हा एक मोठा अपवाद.

तेल वर आणण्याच्या अवजारांविषयी इथे फार लिहीत नाही. मेहसाण्याकडील शेतांत वर-खाली मान हलवणारे पंप प्रवाशांना दिसतात. त्यांच्या खाली लांब दांड्याच्या टोकाला एक दट्ट्या आणि दोन गोळ्यांच्या झडपा, एवढाच ऐवज असतो, आणि आज्ञा तीच, दोराच्या काळातली: उचला आणि सोडा. मुंबई हायमध्ये पुष्कळ ठिकाणी ट्युबिंगमध्ये वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात, आणि त्यासाठीच्या झडपा बारीक पोलादी तारेवर अवजार उतरवून बदलता येतात. त्या तारेला फिरवता येत नाही आणि तिच्यातून दाबही देता येत नाही, तरी ट्युबिंगच्या कुशीतील खिशात नेमकी झडप बसते. हा विषय एका वेगळ्या लेखाएवढा आहे.

फिशिंग कधी थांबवायचे, हा प्रश्न मात्र इथेच पुरा केला पाहिजे. प्रत्येक प्रयत्नाला सारा पाइप वर काढून पुन्हा खाली न्यावा लागतो आणि त्यात निम्मा दिवस सहज जातो. रिगचे भाडे मात्र घड्याळाबरोबर चालू असते. यश मिळण्याची शक्यता दर प्रयत्नागणिक घटत जाते, आणि एका टप्प्यावर फिश तिथेच सोडून तिच्या वर सिमेंटचा बूच टाकणे आणि बाजूने नवी वाट काढणे स्वस्त पडते. हे ठरवणे कठीण असते, कारण पकड आता बसेल असे प्रत्येक वेळी वाटते. मी ज्यांच्याकडून काम शिकलो ते सुपरवायझर प्रयत्न सुरू होण्याआधीच मर्यादा कागदावर लिहून ठेवत आणि मग स्वतःलाही ती ओलांडू देत नसत.

बाजूची वाट काढण्याचे अवजार म्हणजे व्हिपस्टॉक, अवघ्या दोन-तीन अंशांच्या उताराची लांबलचक पोलादी पाचर. अडकलेल्या फिशखेरीज आणखी एका कारणाने मुंबई हायमध्ये ती महत्त्वाची ठरली. जुन्या प्लॅटफॉर्मवर विहिरींसाठी जागा ठरावीक असतात. त्या भरल्या की नवी विहीर घ्यायची तर आटलेल्या विहिरीच्याच केसिंगला खिडकी पाडून तिरके निघावे लागते. २००० नंतरच्या पुनर्विकासात तिथे अशा बाजूच्या वाटा मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. पाचर हवी त्या दिशेला वळवून केसिंगमध्ये नांगरतात. तिला खाली नेणारे कापणारे अवजार तिच्याशी एका बोल्टने जोडलेले असते. वजन टेकवले की तो बोल्ट तुटतो, अवजार मोकळे होते आणि उतारावर घसरत फिरू लागून केसिंगचे पोलाद कापू लागते. खिडकी पुरी झाली की नाही हे कसे कळायचे? मड वर परतताना ज्या पन्हाळीतून वाहतो तिथे चुंबक ठेवलेले असतात. त्यांना चिकटलेला लोखंडाचा कीस दर ठरावीक वेळाने खरवडून काढतात, धुऊन वजन करतात आणि खिडकीतून किती किलो पोलाद निघायला हवे त्या हिशेबाशी ताडून पाहतात. वजन जुळले, किसाबरोबर खडकाचा आणि सिमेंटचा चुरा येऊ लागला, आणि कापणारे अवजार खिडकीतून न अडखळता वर-खाली फिरले, की नवीन भोकाचे बिट जोडायला घेतात.